दिवाळीच्या चार दिवसांची चाल

हॅलो?… कोन बोलतंय?… जरा जोरात बोला, इथं मेंढरांचा गलका हाय…

व्हय, व्हय. मी गजराबाई. प्रतीक्षाची माय… राजेश्वरी मॅडम? अवं मॅडम, आवाजच वळखला न्हाय म्या तुमचा. नमस्कार करते… न्हाय, तिचे बा न्हायत इथं. मेंढरांना खायला उसाचं वाडं आणायला गेल्यात ढोकीला. फोन आता माझ्याजवळच आसतो, लेक तुमच्या खो-खोच्या शिबिराला आल्यापास्नं…

थांबा, बांधावर चढते. खाली रेंज तुटती… हां. आता बोला.

बरी हाय ना ती?… मग ठीक. न्हाय, तुम्ही असा भरदुपारी फोन करत न्हाय ना कवा, म्हून धस्स झालं.

आज चार वाजता, व्हय. ठाव हाय की. राज्याच्या टीमची निवड. परवा तिनं धा वेळा सांगितलं, माय, पंधरा पोरी घेणार हायत, पंधरा… मी म्हणलं, अगं, पंधरात एक तू. तर म्हणली, असं बोलू नको, नजर लागती…

बोला ना. ऐकतीया मी.

पट्टे?… ते चाल मोजायचे? बघितल्यात की. कमरेला एक, मांड्यांना दोन, घोट्यांना दोन. काडेपेटीएवढी डबी आसती त्यात, हिरवा दिवा लुकलुकतो… व्हय, तेच.

लाल खूण?… ते तर दसऱ्याचं ना, मॅडम? तवा तुम्हीच कळवलं व्हतं. मशीननं प्रतीक्षाच्या नावापुढं लाल केलंय, उजव्या पायावर भार कमी देतीया म्हून. मग दिवाळीला पट्टे घरी दिले तुम्ही तिच्यासंगं. रोज दोन तास साधं चालायचं, सरावाचा शीण नसताना मशीन काय म्हणतं ते बघू म्हणलात… आन् हिरवं आलं की. तुम्हीच फोन केलावता…

परत लाल?… कवापास्नं?… सोमवारपास्नं. जोराचा सराव चालू झाला तवापास्नं…

बरं. आन् पुण्याचे सर काय म्हणत्यात, ते मशीनवाले?… असं. म्हंजे त्यास्नी वाटतंय पट्टाच ढिला बसला आसंल. दिवाळीत घरी चार दिवस एवढं चांगलं चालली, मग पाय बिघडलेला कसा आसंल, असं… हां. तेबी खरंच म्हणायचं.

डॉक्टरांनी बघितलं का पन?… हातानं दाबून बघितलं. आन् ती म्हणली दुखत न्हाय… म्हणली का? अगदी दुखतच न्हाय म्हणली?

न्हाय, काय न्हाय. बोला तुम्ही.

…कळलं मला. म्हंजे आता घरच्यांचं एक वाक्य पायजे तुम्हाला. सुट्टीत लेक बरी चालत व्हती, कुठं पडली-झडली न्हाय. एवढं म्या म्हणलं की तुम्ही ते कागदावर लिहिणार, आन् चारला तिला मैदानात उतरवणार.

…

हाय, हाय. चालू हाय फोन. एक मेंढरू शेजारच्या हरभऱ्यात शिरलं, तिकडं बघत व्हते… हड्, हड्… आलं मागं.

मॅडम, ती जवळ हाय का तुमच्या?… बाहेर, मैदानावर. पट्टे घालून पळतीया… बरं. आसू द्या.

एक इचारू का? तुम्हाला घाई आसंल, पर इचारते. आखाडात तुम्ही समद्या पालकांची बैठक घेतली व्हती. तवा ते सर म्हणले, मशीन आधी लेकराची चाल शिकतं. पंधरा दिवस नुसतं बघत ऱ्हातं. मग चाल बदलली की त्याला कळतं, लेकराला कळायच्या आधी… व्हय, तेच म्हणले व्हते. बाकीचे पालक तोंडाकडं बघत बसले, पर मला ते लगीच समजलं. आमी दुसरं काय करतो? दिवसभर कळपाच्या मागनं चालायचं. शंभर मेंढरं. कुठलं खूर हलकं टाकतंय, कुणाची मान पाऊल टाकताना एवढीशी खाली जाती. लंगडायच्या आधी दोन दिवस कळतं मला. तिचे बा हसत्यात, म्हणत्यात हिला डोळे न्हायत, तराजू हाय…

न्हाय मॅडम, इषय तोच हाय. तिथंच येतीया मी. पर मला मधी तोडू नका. एकदा थांबले तर परत बोलायची न्हाय मी.

दिवाळीला लेक एष्टीतनं उतरली. ईट गावच्या फाट्यापास्नं आमच्या वस्तीपातुर तिची पिशवी घेऊन मी तिच्या मागनं चालत व्हते. ती बोलत व्हती. कोन कसं खेळतं, अर्पिता कशी हसवती, तुम्ही कशा रागावता… मी हूं हूं करत व्हते आन् खाली बघत व्हते. शंभर पावलं न्हाय झाली आसतील. कळलं मला…

व्हय. उजवा पाय. मशीननं सांगितलं तेच.

मग हिरवं कसं आलं… तेच सांगतीया मॅडम. ते चालणं तिचं न्हाय.

दिवाळीचं. ते चार दिवसांचं. ते तिचं न्हाय, माझं हाय.

…

पट्टे म्या बांधले व्हते. माझ्या पायाला… व्हय, मीच. चारी दिवस… न्हाय, मशीन बरोबर हाय तुमचं. पट्टेबी बरोबर हायत. सरांना सांगा, त्यांचं कुठंच चुकलं न्हाय. आमचं चुकलं.

ऐका ना. पहिल्या दिवशी, त्या चार दिवसांच्या आधी, तिनंच बांधले. ओढ्यापातुर गेली आन् आली. आली तर गुडघ्याची वाटी दिसंना, एवढा सुजलेला. रुईचं पान गरम करून शेकलं म्या.  नुसती छताकडं बघत पडली. मग म्हणली, माय, पट्टे तू बांध. तुझी-माझी उंची एकच हाय. तू तसंबी दिवसभर चालतीस. सर पहिल्या दिवसाचं म्हणतील, पट्टा नीट बसला न्हाय, आन् सोडून देतील…

व्हय, तसंच झालं ना? पहिला दिवस सोडूनच दिला त्यांनी. हुशार हाय ओ पोरगी. ती हुशारी अशा कामाला आली.

न्हाय, म्या लगीच व्हय म्हणलं न्हाय. लई समजावलं. तर तिनं माझा हात घेतला आन् आपल्या गळ्यावर ठेवला. म्हणली, घाल शपथ. मॅडमला सांगणार न्हाईस, बाला सांगणार न्हाईस… घातली म्या. पोटच्या लेकीच्या गळ्याची शपथ, मॅडम. आमच्यात ती कुणी मोडत न्हाय. मोडली तर ज्याच्या गळ्याची घातली त्याला बाधती म्हणत्यात… तुम्ही शिकलेल्या, तुम्ही म्हणणार तसं काय नसतं. नसंलबी. पर आत्ता मोडली म्या, तुमच्याशी बोलता बोलता. फोन दोन्ही हातांनी धरलाय.

…

तिसऱ्या दिवशी?… व्हय, पळालेलं दिसलं आसंल. कुत्र्यानं कोकरू धरलं व्हतं. काठी घेऊन गेले त्याच्या मागं, ओढा पार करून पलीकडच्या वावरापातुर… सर खूश झाले व्हते? काय म्हणले, सुट्टीतबी सराव करती पोरगी?… कोकरू वाचलं. मानेला दात लागले व्हते, पर वाचलं.

हसताय का, मॅडम?… मग?… न्हाय, न्हाय, तुम्ही कशाला रडताय. तुमची काय चूक त्यात.

आजून एक सांगते. आता सांगायलाच बसले तर ऱ्हायला नको. दिवाळी झाल्यावर तुमचा फोन आलावता. म्हणलात, गजराबाई, मशीन म्हणतंय काय सुंदर चाल हाय, दोन्ही पायांवर सारखा भार, जराबी इकडं-तिकडं न्हाय… आठवतंय ना? तो दिवसभर मी हरखलेली व्हते. त्रेचाळीस वर्षं झाली चालतीया मी. उन्हात, चिखलात, पोटुशी असताना, ताप असताना. कवा कोन म्हणलं न्हाय, गजरा, तू बरी चालतीस. ते मशीन म्हणलं. आन् तेबी लेकीच्या नावावर… तिचा गुडघा आत बिघडत व्हता आन् मी माझ्या चालीवर खूश. त्याची लई लाज वाटती मला आता. शपथेपक्षाबी जास्ती.

…

काय?… परत सांगा, तुटलं मधी…

सरांनी तेच चालणं नमुना म्हून धरलं? म्हंजे कसं?… चांगली चाल अशी आसती, म्हून मशीनला दाखवलं… आन् बाकीच्या पोरींची चाल त्याच्याशी मोजली?… माझ्या चालीशी? खेळणाऱ्या पोरींची?

…अर्पिताला म्हून बसवलं आठ दिवस? तिचा पाय चांगला असताना?

हे ठाव नव्हतं, मॅडम. खरंच ठाव नव्हतं. आमाला वाटलं आमच्या घरातलं खोटं आमच्या घरातच ऱ्हाईल. त्या लेकराचं काय वाकडं केलं व्हतं… तिची माय कुठं आसती? वाशीला?… तिचा नंबर द्या मला नंतर. मी सोता बोलते. माफी मागते… न्हाय, तुम्ही नका सांगू. माझं मी सांगते.

रागवा. रागवायलाच पायजे. मायनं असं करायला नको व्हतं, व्हय… पर तिला शिबिरातनं काढू नका मॅडम, हात जोडते. लहान हाय ती. मी न्हाय म्हणले असते तर झालं नसतं. व्हय मी म्हणले.

बरं. नंतर बघा म्हणताय. बघा.

मला एकच सांगा, खरं खरं. डॉक्टरांना इचारलं तर काय म्हणतील?… गुडघ्याच्या आतली दोरी… अर्धी तुटली आसंल तर बसून, बांधून, कदाचित जुळंल. आन् आज खेळली तर?… खांबापाशी वळताना समदा भार त्याच गुडघ्यावर येतो. व्हय, बघितलंय म्या. खांब धरून गरकन फिरती ती, अंग जमिनीला टेकंल एवढं झुकतं… तवा पुरी तुटंल.

आन् मग… खेळायचं ऱ्हाऊ द्या. चालायचं इचारतीया मी.

…

लिहून घ्या, मॅडम. उतरवू नका तिला… व्हय. आईनं नको म्हणलं, असं लिहा. माझं नाव लिहा पुरं. गजराबाई रामलिंग… तिचे बा आले की त्यास्नी मी सांगते, त्यांची फिकीर करू नका. अंगठा-सही काय लागंल ती येऊन करते.

ठाव हाय मला. औंदाच वय बसतंय तिचं. पुढल्या साली अठराच्या वर जाती. ठाव हाय.

न्हाय, तिला तुम्ही सांगू नका. बोलवा आन् फोन द्या तिला. माझ्या तोंडनं ऐकू दे… थांबते मी. थांबते.

…

प्रतीक्षा?… व्हय, मीच… अगं ऐक ना… ऐक आधी. मॅडमनी इचारलं आन् म्या सांगितलं. समदं.

समदं म्हंजे समदं. पट्ट्याचं. गुडघ्याचं.

…

ओरड. ओरड तू. मी ऐकतीया…

व्हय, मोडली. तुझ्याच गळ्याची मोडली… न्हाय, तसं बोलू नको. काय बाधायचं ते मला बाधंल, तुला न्हाय. मी बोललीया देवीशी, बांधावर उभं ऱ्हाऊनच बोललीया…

वैरीण म्हण. काय म्हणायचं ते म्हण.

न्हाय गं. तुला वाटतं मायला काय कळतंय त्या निवडीचं. कळतंय मला. गेल्या साली भूमच्या मैदानावर आलेवते ना मी? बायांच्या मागं उभी व्हते, पदर तोंडात धरून. तू झेप घेतलीस, ती पोरगी सापडली, समदी माणसं उठली. मला रडू आलं तवा. मी कुणाला सांगितलं न्हाय, पर त्यानंतर मेंढरं वळताना, भाकरी थापताना, डोळ्यापुढं तेच यायचं. तुझ्याएवढंच पायजे मला ते, बाय. तुझ्याएवढंच. म्हून तर पट्टे बांधले ना पायाला. तू मागितलंस म्हून न्हाय निस्तं… मलाबी पायजे व्हतं.

आन् म्हूनच आता नको म्हणतीया.

…शेवटचं साल हाय, ठाव हाय. पंधरात नाव आलंच आसतं. आलं आसतं, मी कुठं न्हाय म्हणते…

अर्पिताचं सांगितलं का मॅडमनी तुला? आठ दिवस बसवलं तिला, आपल्यापायी… तुलाबी ठाव नव्हतं ना? मलाबी. बघ, कुठवर गेलं ते.

बोल की.

…प्रतीक्षा?

बरं. नको बोलू. पर ठेवू नको फोन. न बोलता धरून ऱ्हा… मेंढरं ऐकायला येत्यात का तुला? काळी शिंगरी मेंढी वरडतीया, तिला तहान लागलीया. मघाशीच पाण्यावर न्यायला पायजे व्हती…

कुठं निघालीस तू?

…न्हाय, चाललीयास तू. ऐकू येतंय मला. फरशी हाय ना तिथं? बूट वाजतोय तुझा… एक जोरात. एक हळू… एक जोरात. एक हळू.

थांब.

थांब गं. हाय तिथं थांब. पुढं पायरी आसंल तर बस तिच्यावर… बस. माझं एवढं ऐक, मग जलमभर बोलू नको माझ्याशी.

…बसलीस?

…

काय?… काय म्हणलीस? परत बोल, वारं लागतंय इथं…

…

व्हय. व्हय, माझे बाय. दुखतंय ना?… लई दुखतंय… व्हय.

कवापास्नं?… दसऱ्याच्या आधीपास्नं? आन् फोनवर हसत व्हतीस माझ्याशी. मला अर्पिताच्या गमती सांगत व्हतीस.

गोळ्या?… कुठल्या गोळ्या? कुणी दिल्या?… तूच आणल्या. रोज दोन… हे मला ठाव नव्हतं. हे तू मलाबी सांगितलं न्हाईस.

न्हाय, रागावत न्हाय. रड तू. पोरी बघतील तर बघू दे… न्हाय, मी न्हाय रडत… रडतीया, जाऊ दे. कोन हाय इथं बघायला, मेंढरांबिगर.

ऐक. मॅडम कुठं हायत?… दारातच हायत ना? त्यास्नी जवळ बोलव. आन् फोन चालूच ठेव… न्हाय, मी न्हाय सांगणार आता. म्या सांगितलं ते माझं व्हतं, माझ्या चालीचं. तुझ्या पायाचं तू सांग. कुठं दुखतं, कवा दुखतं, गोळ्या किती खाल्ल्या. मशीनला भार कळतो निस्ता. आन् मी मागनं बघून बघून किती बघणार. तूच सांगायला पायजे.

भिऊ नको. मी हाय. ठेवत न्हाय फोन… सांग.

…

हां.

…गुडघ्याच्या आतल्या बाजूनं. व्हय. ते सांग… पायऱ्या उतरताना.

…

गोळ्यांचं ऱ्हायलं. तेबी सांग.

…

मॅडम?… व्हय, ऐकलं म्या समदं… न्हाय, तुम्ही म्हणताय तेच करा. आधी दवाखाना, मग बाकीचं… आजच न्यायचं? न्या की. तिचे बा तासाभरात येतील. मेंढरं त्यांच्या हवाली करते आन् मिळंल त्या गाडीनं निघते. धाराशिवला दिवस मावळायच्या आत पोचंन…

चारला बाकीच्या पोरी उतरतील तवा तिला खोलीत कोंडू नका. खुर्ची टाकून बाहेर बसवा, बघायचं आसंल तर. ती इचारंल… न्हाय इचारलं तर तुम्ही इचारा.

आन् मॅडम, ते पट्टे आजून पायात हायत ना तिच्या?… सोडा आधी ते. सुजल्या पायाला काचत आसतील… उजव्या मांडीचा आधी सोडा. हां. सावकाश.

…सोडला?

बरं. ठेवते आता.